खेळायची फी

नव्या रायपुरातल्या सरकारी गोल्फ मैदानावर दिवाकररावांनी यंदाही दोघांची फी भरली. पेन्शनीला चांगलीच कात्री लागली.

"अंकल, खेलना तो आपको आता नहीं," खिडकीवरचा माणूस चेंडू देत म्हणाला, "बाहर से देख लो ना, फ्री में."

"बाहर से नहीं होता, भैया."

नवराबायको हिरवळीवरून कडेच्या मोहाच्या झाडापाशी आले. मैदान व्हायच्या आधी हे त्यांचंच शेत होतं. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून लेकीला त्यांनी याच झाडाखाली पुरलं होतं.

पद्मिनीबाईंनी चपला काढल्या आणि चेंडू हलकेच गवतावर ठेवला.

"परत द्यावा लागते तो," दिवाकरराव म्हणाले.

"राहू द्या जी. खेळत बसेल पोट्टी."