तोंडाने बोला

ही १९९८ची गोष्ट. जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या जपानी खेळात हरणाऱ्याने मॅट थोपटली की समोरच्याने पकड सोडायची असते. माझी लेक दुसऱ्या क्लासला जाणार हे कळताच तिच्या सरांनी सरावात तिचा हात पिरगाळला. ती थोपटत राहिली; कोपर मोडल्यावरच त्यांनी सोडलं. मला म्हणाले, “कळलंच नाही हो.” सात वर्षांनी ती जगज्जेती झाली. मिरवायला त्यांनीच सत्कार ठेवला. ती म्हणाली, “सर, एक झुंज होऊन जाऊ द्या.” विद्यार्थ्यांसमोर तिने त्यांचा हात त्याच पकडीत धरला. सर थोपटू लागले. “कळत नाही, सर. तोंडाने बोला.” “हरलो गं बाई, सोड!” तेव्हा कुठे तिने सोडलं. मुलं हसली. वर्षभरात त्यांचा क्लास ओस पडला. लेकीने काढलेला जोरात चालतो. तिचं कोपर मात्र अजून सरळ होत नाही. लोक म्हणतात, माफ करायचं. त्यांच्या लेकींची कोपरं शाबूत आहेत.