जिन्यानं जा

"त्यांचे शेवटचे शब्द बदला," प्रकाशक म्हणाले. "एवढंच. बाकी पुस्तकाला मी हात लावणार नाही."

लेखिकेनं टेबलावरच्या कागदी रुमालांच्या डब्याकडे पाहिलं. तो त्यांनी मुद्दाम तिच्यासाठी आणून ठेवला होता. आयुष्यभर तिनं लोकांना हसवलं होतं. आता नवरा गेलाच आहे, तर त्याच्यावर पुस्तक लिहून तिनं एकदा लोकांना रडवावं, अशी प्रकाशकांची योजना होती. आगाऊ रक्कम इतकी घसघशीत होती की राहतं घर वाचलं असतं. नवऱ्याच्या आजारपणात शिल्लक धुऊन निघाली होती, आणि घरात ती आणि सासूबाई अशा दोघीच उरल्या होत्या.

अडचण खरं तर नवऱ्याचीच होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रेमाबिमावर बोलायचा त्याला मनस्वी कंटाळा. हॉस्पिटलमध्ये भेटायला येणाऱ्यांनाही तो स्वतःची तब्येत सोडून तिथली लिफ्ट कशी कुरकुरते तेच सांगत बसायचा. त्या दुपारी ती चहा आणायला निघाली, तेव्हा डोळे न उघडताच तो म्हणाला, "जिन्यानं जा. ती लिफ्ट आज अडकणार."

काहीतरीच तुमचं, असं म्हणून ती लिफ्टनं गेली. जागरणांनी तिचे पाय भरून आले होते. परत येताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तिनं घंटा दाबली, दारावर थापा मारल्या, आणि शेवटी खाली फतकल मारून हातातला चहा निवताना बघत बसली. दार उघडलं तोवर नवरा गेला होता.

हे सगळं तिनं जसंच्या तसं लिहिलं होतं. इथे रडायचं की हसायचं ते वाचकाला कळणार नाही, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. तिलाही ते कळलेलं नव्हतं.

घरी येऊन तिनं बदल करून पाहिला. हात सराईत होता, प्रसंग झरझर उतरला. आता ती उशाशी बसली होती. त्याचा हात तिच्या हातात होता. खिडकीबाहेर सूर्य अगदी वेळेवर मावळत होता, आणि तो पुटपुटत होता, 'तू होतीस, म्हणून मी जगलो.' लिहिताना तिला फार बरं वाटलं. निदान कागदावर तरी ती त्या खोलीत होती.

तिनं तो प्रसंग सासूबाईंना वाचून दाखवला. मुलगा गेला तेव्हा त्याच एकट्या त्याच्याजवळ होत्या. पण त्या दुपारबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि विचारायची हिची छाती झाली नव्हती. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळे टिपले. चष्मा पुन्हा नाकावर ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "बिचारा. कोण गं हा?"

लेखिका त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं ती पानं टराटरा फाडली आणि प्रकाशकांना फोन लावला. त्यांनी आधी रक्कम वाढवली, मग सूर्यास्त तरी राहू द्या म्हणून गळ घातली, शेवटी तुमचं तुम्ही बघा म्हणाले. फोन ठेवून ती सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली. घर विकावं लागेल, लहान जागेत जावं लागेल, असं तिनं सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांची एकच अट होती, तळमजला हवा.

लेखिका फाडलेल्या पानांचे तुकडे गोळा करू लागली.

"आई," ती शेवटी म्हणाली, "मी तिकडे अडकले होते तेव्हा हे काही बोलले का हो?"

सासूबाई घुटमळल्या. तुला लागेल म्हणून इतके दिवस बोलले नाही, म्हणाल्या. "तुझी घंटा सगळ्या मजल्याला ऐकू येत होती. त्यानं डोळे उघडले. मला म्हणाला, 'बघ, अडकली. मी सांगितलं होतं तिला.'"

"खूप चिडले होते?"

"चिडेल कशाला? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुझ्याशी वाद जिंकला होता तो. हसत गेला गं."