कॅल्गरीला पोचून सांगू

रेजिना सोडल्यापासून यादवरावांनी तिसऱ्यांदा गाडी कडेला घेतली. उतरले, मागे गेले, गाडीला राहायचा ट्रेलर जोडणारी हिच हलवून पाहिली, साखळ्या ओढून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"घट्ट आहे ना?" सरोजिनीबाईंनी खिडकीतून विचारलं.

"आहे. पण बघितलेलं बरं."

"मघाशीही बघितलंत."

यादवराव परत स्टिअरिंगमागे येऊन बसले. गाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, त्याला एक हिच लावता येत नसेल असं थोडंच आहे? पण कॅल्गरी जवळ येत होती आणि जितका उशीर होईल तितका त्यांना हवाच होता. खरं सांगायचं तर सरोजिनीबाईंनाही हवा होता.

मागे, दूर पूर्वेकडे राहिलेल्या केंब्रिजचं घर विकलं होतं आणि मुलांना त्याचा पत्ता नव्हता. हर्षवर्धन त्याच घरात लहानाचा मोठा झालेला. तो आणि स्वाती नोकरीसाठी कॅल्गरीला गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी दर फोनवर तो बेसमेंटमधल्या आपल्या जुन्या खोलीची चौकशी करायचाच. त्याला न विचारता सही करून मोकळं होणं म्हणजे अपराधच. जे काही सांगायचं ते समोर बसून, फोनवर नाही, असं दोघांनी निघतानाच ठरवलं होतं.

मुलं चार दिवस रागावली असती तर चाललं असतं. पण ऊर्मी? दोघांना मिळून नात एकच. तिच्या सुट्ट्या, तिचे वाढदिवस, सगळं आईबापांच्या मर्जीवर. ते दार या वयात बंद झालं तर काय करायचं?

संध्याकाळी मेडिसिन हॅट गावाजवळच्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. खरं तर अजून थोडं रेटलं असतं तर त्याच दिवशी पोचता आलं असतं. यादवरावांनी चहा टाकला.

"साखर एक ना?"

"बिनसाखरेचा. शुगर आहे मला. परवाही विसरलात."

मराठी कानावर पडताच शेजारच्या ट्रेलरमधून एक बाई लगबगीने आल्या. प्रभाताई, मूळच्या नागपूरच्या, आता एडमंटनच्या. जय भीम झालं, गावं विचारून झाली आणि त्या खुर्ची ओढून बसल्याच.

"अजून एकमेकांना अहो-जाहो करता जी तुम्ही? आमचे हे तर नुसतं 'ए' म्हणतात, अन् मी धावत जाते. किती वर्षं झाली लग्नाला?"

यादवराव चहा गाळण्यात गुंतले.

"आमचं नवंच आहे म्हणा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

प्रभाताई पदर तोंडाला लावून हसल्या. "असंच राहा जी. नजर नको लागायला."

त्या गेल्या आणि स्वातीचा फोन आला. यादवरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, बीपीची गोळी घेतली का? आई, तुम्ही लक्ष ठेवा हं, ते टाळतात. अँड प्लीज, सावकाश ड्राइव्ह करा."

"घेतली," यादवराव म्हणाले. गोळी अजून खिशातच होती. फोन ठेवून त्यांनी ती चहाबरोबर घेतली.

"स्वातीला मी सांगतो," ते म्हणाले.

"नको. सून माझी आहे, मी बघते. तुम्ही मध्ये बोलू नका."

"आणि हर्ष?"

"तो बोलणार नाही. तो गप्प बसतो. तेच जास्त लागतं."

रात्रभर यादवराव असे घोरले की सरोजिनीबाई सकाळी डोळे चोळतच उठल्या. पुढचा सगळा रस्ता त्या ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होत्या. एकही मनासारखं बसेना.

ड्राइव्हवेत शिरताच ऊर्मी धावत आली आणि "धिस इज सो कूल" म्हणत थेट ट्रेलरमध्ये घुसली. स्वाती हात पुसत बाहेर आली. हर्ष म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा आत, दमला असाल. ट्रेलर मी लावतो."

"कुणीच आत जाऊ नका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आधी माझं ऐका. केंब्रिजचं घर मी विकलं."

हर्ष गप्प झाला. त्यांना भीती होती तसाच.

"आई, निदान सांगायचं तरी," स्वाती म्हणाली.

"तुम्ही नको म्हणाला असता."

हर्षने लांब श्वास घेतला. मग जवळ येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके. एवढं मोठं घर, तो स्नो, मला कळतं. एवढ्यासाठी घाबरत होतीस?"

सरोजिनीबाईंचे डोळे भरून आले. किती चांगली पोरं, आणि आपण काय काय मनात आणलं. इथेच थांबावं, उरलेलं उद्या बघू, असं त्यांना फार वाटलं. पण हर्षनेच विचारलं.

"मग आता राहणार कुठे?"

यादवराव मागून येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"तुझ्या सासऱ्यांच्या घरी," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आम्ही लग्न केलंय, हर्ष."