राखणदार

"चंदन, मी विहिरमा उतरी ऱ्हायनू. ग्रिपा काढी लेऊ का?"

भिलाआप्पांनी कोरीटच्या मळ्यातून पोराला फोन लावला होता. उंदरांनी मोटरची वायर पाण्यालगत कुरतडली होती, तिला टेप मारायची होती. विहिरीत उतरायचं तर आधी स्टार्टरच्या पेटीतल्या फ्यूजच्या ग्रिपा उपसायच्या, त्या खिशात घालायच्या आणि मगच पायरी धरायची, ही त्यांची उभ्या जन्माची रीत. वर कुणी चुकून बटण दाबलं तरी खाली जीव शाबूत राहिला पाहिजे.

"ऱ्हाऊ द्या आप्पा. मी आठेथीनच बंद करी देस."

चंदन नंदुरबारला खत-बियाण्यांच्या दुकानात बिलांवर बसायचा. मळ्यातल्या खोलीत त्याने एक जुना लॅपटॉप स्टार्टरला जोडून ठेवला होता. त्यावर लिनक्स टाकलं होतं आणि एक प्रोग्राम लिहिला होता. शेतीची लाईट आली, की तो प्रोग्राम आपसूक मोटर सुरू करायचा; तो थांबवला, की मोटरही बंद. आप्पा तर येईल त्या पाहुण्याला सांगत सुटायचे, की पोरगं नंदुरबारला बसून मळ्याला पाणी भरतं. बापाच्या तोंडचं ते कौतुक चंदनला फार गोड लागायचं. त्याने फोनवरून लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम थांबवला. 'बंद' अशी अक्षरं आली. त्याने आप्पांना बिनघोर उतरायला सांगितलं. ग्रिपा पेटीतच राहिल्या.

थोड्या वेळाने चहा आला. शेजारी बसणाऱ्या भूपेशने त्याला डिवचलं. यंत्रच ते, मध्येच गचकलं तर पिकाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? चंदनला हा प्रश्न आवडायचा, कारण उत्तर तयार होतं. उन्हाळ्यात प्रोग्राम असाच बंद पडला होता आणि मिरचीने माना टाकल्या होत्या. तेव्हा त्याने पहिल्यावर नजर ठेवायला दुसरा प्रोग्राम बसवला. त्याचं नाव ठेवलं राखणदार.

"मोटरना प्रोग्राम कसाबी थांबो, राखणदार त्याले परत उठाडस," तो ऐटीत म्हणाला. "कोनी थांबाडा, का बरं थांबाडा, काहीच इचारत नई."

बोलला आणि कप हातातच राहिला. राखणदाराला त्याने थांबवलंच नव्हतं.

आप्पांचा फोन नुसता वाजत राहिला. उतरताना ते तो खोलीत ठेवत. आईनेही उचलला नाही. त्याने लॅपटॉप उघडला. मोटरचा प्रोग्राम 'चालू' दाखवत होता. त्याने आधी राखणदार बंद केला, मग प्रोग्राम. पुन्हा तपासलं. दोन्ही बंद. भूपेश काय झालं म्हणून विचारत होता, आणि चंदन कुलदेवीला हात जोडून बसला होता.

फोन वाजला. आई. प्रमिलाबाईंचा आवाज अगदी खुशीत होता.

"वायर बरी व्हयनी वाटस रे भाऊ. लाईट उनी तशी मोटर चालू व्हयनी, पानी बी जोरमा उनं. आते बंद पडनी, तू करी का? तुन्हा आप्पाले जेवाले बलावाले उनू, पन कवयनी हाका मारी ऱ्हायनू, ते ओच देत नईत."