साडेबारा टक्के

"हा पाच नंबर काढला, की आपली शाळा शंभर टक्के!" शशी पाटणकर म्हणाला आणि त्याने स्क्रीनवरच्या तक्त्यातल्या लाल ओळीवर बोट ठेवलं.

शाळेच्या गव्हर्नरांची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या समितीची, मीटिंग चालू होती. शाळा सुटल्यावर लहानांच्या वर्गात जमलेली ही सहा मोठी माणसं छोट्या छोट्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. उभा होता तो फक्त शशी. लीड्सच्या एका हॉस्पिटलात तो आकडेवारीचं काम करायचा. पालकांचा प्रतिनिधी म्हणून निवडून येऊन त्याला दोन महिने झाले होते. निवडून म्हणजे, दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.

गाव लीड्सपासून बारा मैलांवर. शाळेत मुलं एकसष्ट, त्यातली शेवटच्या वर्गात, इयर सिक्समध्ये, आठ. त्यामुळे एक मूल मागे राहिलं, की निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली. मे महिन्यात सॅट्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळा सोडतानाच्या सरकारी, परीक्षा होत्या. फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेत सात मुलं अपेक्षित पातळीला पोचली होती, एक नव्हतं. तक्त्यात नावं नव्हती, नुसते नंबर होते. शशीला तेच बरं वाटायचं. नंबर कसे स्वच्छ असतात.

ही शाळाही त्याने तक्ते बघूनच निवडली होती. लीड्समध्ये घराजवळच्या शाळेत सत्तर टक्के मुलांच्या घरी इंग्लिश बोलत नव्हते. "अशा गर्दीत आपल्या सियाचं इंग्लिश बिघडेल," असं तो बायकोला, तनूला म्हणाला होता. हे अर्थातच मराठीत. नाशिकहून येऊन त्यांना तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. गावात घर घेतल्यावर मात्र त्याने घरात फक्त इंग्लिश, असा नियम केला. तेव्हापासून तनू नाशिकला फोन करायचा असला, की कोट घालून बागेत जायची.

"मग या पाच नंबरचं करायचं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

शशीने ओळ वाचून दाखवली. शाळेत उशिरा दाखल. घरची भाषा वेगळी. वाचन कच्चं. वर्गात बोलत नाही.

"अशा घरांत अभ्यासाचं वातावरणच नसतं. त्यांचा दोष नाही," तो उदारपणे म्हणाला. "परीक्षा होईपर्यंत मुलाला घरीच शिकवा, असं पालकांना सुचवता येईल. अगदी प्रेमाने."

त्याच्या डोळ्यांपुढे झोफिया होती. नदीपलीकडे कॅरव्हॅनमध्ये राहणारी पोलिश मुलगी. तिचे आईवडील भाज्यांच्या पॅकिंगच्या कारखान्यात शिफ्ट करायचे. शाळेच्या गेटवर शशी त्यांना मान हलवून हॅलो करायचा, त्याहून जास्त काही नाही.

हेडटीचर मिसेस हॉलिस दोनदा खाकरल्या. "शशी, हा मुद्दा आपण सोडू या."

"का सोडायचा? आकडे कोणाचे लाड करत नाहीत."

"एक तर ते बेकायदा आहे," मिसेस हॉलिस म्हणाल्या. "आणि आता दहा मिनिटं आपण चहा घेऊ या. शशी, तुम्ही जरा बाहेर या."

बाहेर पॅसेजमध्ये मुलांच्या कोटांच्या खुंट्या होत्या, शशीच्या कमरेएवढ्या उंचीवर. मिसेस हॉलिसनी मागचं दार लावून घेतलं.

"पाच नंबर म्हणजे सिया."

शशी आधी हसला. हेडटीचरबाई हसत नाहीत हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"तुमची काहीतरी गफलत होतेय. ती पोलिश मुलगी…"

"झोफिया तीन नंबर. वाचनात वर्गात सगळ्यात पुढे."

"पण घरची भाषा? फॉर्मवर मी इंग्लिश लिहिलं होतं!"

"तुमच्या मिसेस येऊन ते दुरुस्त करून गेल्या."

शशी खुंट्यांकडे बघू लागला.

"गणितात सिया पहिली आहे," मिसेस हॉलिस हळू आवाजात म्हणाल्या. "पण वाचलेल्या धड्याबद्दल काही विचारलं, की गप्प बसते. लिहायला सांगितलं तर दोन ओळी लिहिते आणि खोडून टाकते. पेरेंट्स इव्हिनिंगला मी हेच सांगत होते. तुम्ही शाळा काउंटीत कितवी आहे ते विचारत होतात."

मीटिंगचा उरलेला भाग शशीने छोट्या खुर्चीवर बसून काढला. अध्यक्षबाईंनी टिपणात लिहिलं, पाच नंबरबाबत निर्णय नाही.

तो घरी आला तेव्हा सिया किचनच्या टेबलावर होमवर्क करत होती. वहीभर खोडरबराचा चुरा पडला होता. तनू गॅसपाशी उभी होती.

"हाउ वॉज स्कूल?" त्याने विचारलं.

"फाइन."

रोज हेच उत्तर यायचं. वर्षभर त्याला ते पुरलं होतं. तो तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. काय बोलावं ते त्याला इंग्लिशमध्ये जुळवता येईना.

"सिया, बाळा, वर्गात तू बोलत का नाहीस गं?"

तनूचा हात तव्यावरच थांबला. सियाने आधी आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. आपली परीक्षा तर घेत नाहीयेत ना, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बाबा, तूच सांगितलं होतंस ना," ती म्हणाली. "त्या क्लोईच्या बर्थडेला मी चुकीचं बोलले आणि सगळे हसले, तेव्हा. कारमध्ये तू म्हणालास, एकदम करेक्ट येईल तेव्हाच तोंड उघडायचं. म्हणून मी थांबलेय."