राहिलेली एक चाचणी

"पुन्हा प्रयत्न करा," फोन म्हणाला आणि ओमेश्वर गुरुजीनं दात आवळले.

पीयूषनं उतारा धडाधड वाचला होता. फक्त 'कशाला'च्या जागी त्याच्या तोंडून 'कायले' गेलं, तेवढ्यावरून ॲपनं त्याला वाचता न येणाऱ्यांत टाकलं. उतारा होता मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर. केशोरीकडच्या या गावात जिना एकच, ग्रामपंचायतीच्या गच्चीचा, आणि तो कुठं सरकत नाही.

शाळेत नेटवर्क नव्हतं. म्हणून चाचणी तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, चालायची. एकेक पोर वर आणायचं, वाचायला लावायचं, खाली पाठवायचं. वाचन झालं की गणित, गणित झालं की फोटो. ओमेश्वर शिकवायला म्हणून नोकरीला लागला होता आणि आता त्याचा सगळा दिवस फोन आभाळाकडे धरण्यात जायचा. त्याला याचा मनापासून संताप यायचा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली होती.

दुसऱ्या शिक्षिका निर्मलाबाई ऑनलाइन नोंदींसाठी तालुक्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. तेव्हापासून वर्ग उर्वशी बघायची. उर्वशी कडक होती. तिच्यापुढं कोणी चुळबुळ करत नसे. ती फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायची, पहिलीतल्या पोरांना ते बरं पडायचं. खिचडीही ती पोरांच्या पंगतीत बसूनच खायची. पोरं तिला मॅडम म्हणत. सुरुवातीला गमतीनं म्हणत असतील, पुढं सवयच झाली.

पीयूष खाली गेला तोच केंद्रप्रमुख कटरे साहेबांची मोटारसायकल थेट पाळीवर आली. शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांनाही नेटवर्कच हवं होतं. ॲपवर केंद्रात तुमचीच एक शाळा लाल दिसते, असं त्यांनी उतरता उतरता सुनावलं. एका पोरीची चाचणी राहिली आहे, नाव दिसत नाही, नुसतं 'मुलगी, वय दहा'. आज ती झाली नाही तर दुसरी नोटीस, आणि दुसऱ्या नोटिशीनंतर बदली.

ओमेश्वरला बदलीची भीती स्वतःपुरती नव्हती. तो गेला तर शाळेत मास्तरच उरणार नव्हता, आणि अशा शाळांना कुलूप कसं लागतं ते त्यानं शेजारच्या गावात पाहिलं होतं.

खालून सातचा पाढा वर आला. पोरं एका सुरात म्हणत होती. मध्येच कोणी अडखळलं तसा पाढा थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

साहेब ऐकत राहिले. "शिकवून कोन राहिली?"

"उर्वशी."

"पकड चांगली हाये. पुढच्या प्रशिक्षणाले तिलेच धाडा."

ओमेश्वर पाण्याकडे बघत राहिला. असल्या कौतुकाचंही त्याला आता काही वाटत नव्हतं. प्रशिक्षण म्हणजे पुन्हा नवं ॲप.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ती राहिलेली पोरगी आजारी आहे का, त्यांनी विचारलं. नाही. गावाबाहेर गेली आहे? नाही, गावातच आहे.

"मंग काऊन नाही आनत तिले?"

"कामात हाये थे."

"दहा वर्साची पोरगी कामात?" साहेबांचा चेहरा बदलला. "धानाच्या रोवन्याले लावली का? कोनं लावली?"

"म्याच लावली, सर."

 साहेब बोलू लागले ते थांबेनात. शिक्षक असून पोरीला कामाला जुंपता, हे नोटिशीवर भागणार नाही, मी वर कळवतो, तुमची नोकरी जाईल. ओमेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. महिनोन्‌महिने तो हेच करत होता, फोनचं ऐकायचं, साहेबांचं ऐकायचं आणि पुन्हा पाळ चढायची.

"आता एक करा," शेवटी साहेब म्हणाले. "खाली मॅडमले सांगा. वर्ग राहू द्या म्हना, अन् त्या पोरीले हाताले धरून वर आना."

ओमेश्वर जागचा हलला नाही. आवाजही चढवला नाही.

"कोन कोनाले आनल, सर? राहिलेली पोरगी म्हंजे थे मॅडमच हाये. चवथीतली."