घरटी एक कार्ड

"अगं, हातमोजे तरी घाल!" वेंडेलीन ओरडला.

हर्मीनाने ऐकलं नाही. तिने उघड्या हाताने जुनं पोस्टकार्ड उचललं, त्याच्या कोऱ्या पाठीवर शाईने दोन ओळी खरडल्या, तिकीट चिकटवलं आणि वरून मुठीने दाबलं. तिच्या भावाचा जीव वरखाली झाला. शंभर वर्षांत त्या कार्डांना शाई लागली नव्हती. दोघा भावंडांनी ती जुन्या बाजारांतून, लोकांच्या माळ्यांवरून वेचून आणली होती. ऊन, ओल, कसर यांपासून जपली होती. सगळ्यांवर एकाच जागेचा फोटो होता. तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या त्यांच्या गावातला आंबूस, औषधी पाण्याचा झरा. भोवती हॅट घातलेले पाहुणे, आणि त्यांच्याच शेजारी रांगेत गावातल्या मोलकरणी, किटल्या घेऊन.

यंदा नव्या हॉटेलने झऱ्याला कुंपण घातलं. पाणी आता फक्त हॉटेलात उतरणाऱ्यांना. हर्मीनाने नगरपालिकेच्या सभेत कार्डांच्या झेरॉक्स वाटल्या, तर नगराध्यक्ष ओन्द्रूश हसले. "हर्मीनाबाई, कॉम्प्युटरवर हल्ली काहीही बनवता येतं. झरा हॉटेलचाच आहे, पहिल्यापासून."

"म्हणून आता अस्सल कार्डं पाठवणार?" वेंडेलीन म्हणाला. "कचऱ्यात टाकेल तो!"

"त्याला कोण पाठवतंय? गावाला पाठवतेय. घरटी एक."

"मग निदान पाकिटात तरी घाल."

"पाकिटात घातलं तर पोस्टवाली कशी वाचेल? आणि शेजारीण?" तिने दुसरं पेन त्याच्यापुढे सरकवलं. "लिही. 'तुमची पणजी इथे पाणी भरायची. रविवारी चर्च सुटलं की किटली घेऊन या.'"

पहिलं कार्ड त्याने हातमोजे घालून, जपून लिहिलं. मग मात्र तो तिच्यापेक्षा भरभर लिहू लागला.

रविवारी दोघं कुंपणाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पहारेकरी त्यांच्याकडे बघून जांभया देत होता. चर्च सुटलं, आणि रस्ता भरून माणसं आली. सगळ्यांत पुढे पोस्टवाली. कुणाकडे किटली, कुणाकडे बादली, आणि कित्येकांच्या हातात ती कार्डं. दुमडलेली, लोणी लागलेली. हर्मीनाने त्या कार्डांवरची नजर काढली आणि फाटकाकडे वळवली.

"खासगी जागा आहे," पहारेकरी म्हणाला. "नगराध्यक्षांची सक्त ताकीद आहे, कुणालाही आत सोडायचं नाही."

गर्दी बाजूला सरली. चाकांच्या खुर्चीतून एक म्हातारी पुढे आली. तिने कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि फोटोतल्या रांगेतल्या एका पोरीवर बोट टेकवलं.

"ही माझी आई," ती म्हणाली. "आता ओन्द्रूशला फोन लाव. म्हणावं, तुझी आई पाणी भरायला आलीय."